नाक धुणारा माणूस

गेल्या महिन्यात वर्षाची मिरची घ्यायला बाजारात गेले होते. ज्या दुकानात थांबले त्याच्या मालकानं पोत्यात हात घातला, दोन मिरच्या काढल्या, हुंगल्या, आणि खिशातून सिगरेट काढून पेटवली. माझ्या कपाळावरची आठी पाहून म्हणाला, "मॅडम, शौक म्हणून नाही ओढून राहिलो. दोनचार पोते हुंगले का नाक बसते. धूर घेतला का धुऊन निघते. आमच्या लायनीतली जुनी रीत आहे."

जुनी वगैरे काही नाही. ती रीत कोणी काढली ते मला पक्कं माहीत आहे. नागपूरच्या महाल भागातल्या ज्या मसाल्याच्या कारखान्यात मी चौदा वर्षं नोकरी केली, तिथल्या वामन धोटेनं काढली. त्याच्या हाताखालून गेलेले चारपाच जण आज नागपूरच्या मिरची बाजारात बसले आहेत. त्याचं नाक काही त्यांना उचलता आलं नाही, ते उचलता येतही नाही. सिगरेट तेवढी उचलली.

कारखान्यात सगळे त्याला धोटेजी म्हणायचे. निवडणीवरच्या बाया काकाजी म्हणायच्या. मीही तोंडावर धोटेजीच म्हणायचे, अहोजाहो करायचे. इथं मात्र मी त्याला अरेतुरेच करणार आहे. इतक्या वर्षांचं अहोजाहो साचलंय माझ्यात, ते कुठंतरी उतरायला हवं.

उंच, वाळका, पांढरा टेरिकॉटचा शर्ट, आणि त्या शर्टाच्या खिशाला हमखास एखादं जळालेलं भोक. उजव्या हाताची दोन बोटं पिवळी. मिशी पांढरी, पण नाकाखालचा मधला तेवढा भाग पिवळा. नवं कोणी भेटलं की तो सांगायचा, "हळदीत हात असते ना गा आपला, रंग चढते." मसाल्याच्या कारखान्यात ते खपूनही जायचं. मी स्वतः पहिले दोन महिने त्या मिशीला हळदच समजत होते, यावरून मी किती हुशार होते ते कळेल.

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. मोठी गिऱ्हाइकं मालातल्या ओलाव्याचा आकडा मागायला लागली म्हणून शेठजींनी मला ठेवलं. दुसऱ्या मजल्यावर प्लायवूड ठोकून एक कोपरा केला, त्यात एक ओलाव्याचं मशीन, एक तराजू, थोड्या काचेच्या बाटल्या. त्याला प्रयोगशाळा म्हणायचं. प्लायवूडच्या पलीकडे धोटेची खुर्ची. प्लायवूड छतापर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळे त्याचा सगळा धूर वरून माझ्याकडे यायचा. घरी गेल्यावर आई माझी ओढणी बोटाच्या चिमटीत धरून बादलीत टाकायची आणि विचारायची, "नोकरी कुठं करते वं तू, पानठेल्यावर?"

आता त्याच्या नाकाबद्दल. खरं ते सांगते, खोटं बोलून त्याला हलका करायची मला गरज नाही, तेवढं त्यानं स्वतःच केलेलं आहे. मी लागले तेव्हा त्याचं नाक खरोखर नाक होतं. पोतं आलं की तो मधोमध हात घालून मिरची काढायचा. कानाजवळ नेऊन देठ मोडायचा. कट्कन आवाज आला तर वाळलेली, लवला तर ओली. मग मिरची उभी फाडून हुंगायची, आणि शेवटी एक बी जिभेच्या टोकावर. एकदा भिवापुरी मिरची म्हणून आलेल्या मालाची पोती उतरत होती. हा खुर्चीतून उठलाही नाही. नुसतं म्हणाला, "वरून भिवापुरी आहे, खाली दुसरी भरली आहे. त्या दोघी सोबत शेतात नाही राहिल्या, गोदामात भेटल्या." पोतं उलटं केलं तर खरंच तसं निघालं. माल आणणारा भिवापूरचा व्यापारी त्याच्या पाया पडला होता, माझ्यासमोर. मला तेव्हा त्याचा हेवा वाटला होता. माझं मशीन फक्त ओलावा सांगायचं.

पण हा माणूस दर तीन पोत्यांनंतर थांबायचा आणि म्हणायचा, "थांबा, नाक धुऊन घेतो." आणि सिगरेट पेटवायचा. त्याचं असं होतं की मिरचीचा वास नाकात साचतो, पुढच्या मालाचा मग कळत नाही, आणि धूर आत गेला की साचलेलं सगळं निघून जातं. हे त्यानं इतक्या ठासून सांगितलं होतं की शेठजींनी त्याची सोयच करून टाकली. रोज सकाळी त्याच्या टेबलावर पितळी ताट यायचं, त्यात पांढरं फडकं, पाण्याचा गिलास, गुळाचा खडा, आणि सिगरेटचं पाकीट अन् काडेपेटी. लोहाराला हातोडा द्यावा तसं कारखाना त्याला सिगरेट देत होता. शेठजी स्वतः सुपारीचं खांडही खायचे नाहीत, पण ताटात पाकीट नसलं तर ओरडायचे.

मी एकदा म्हटलं, "धोटेजी, धुरानं नाक धुतलं जात नाही, बधिर होतं. आतला पापुद्रा जळतो."

"तू कालेजात शिकली वं बाई," तो म्हणाला. "मी पोत्यात शिकलो. पोत्यातलं कालेजात नाही सांगत." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुह्या मशिनले नाक आहे काय?"

सगळे हसले. मीही हसले, त्याचा मला अजून राग येतो.

पहिल्यांदा गेला तो त्याचा दम. कारखाना तीन मजली. खाली दळण, दुसऱ्यावर गोदाम अन् आम्ही, वर गच्चीवर वाळवण आणि निवडणी. सुरुवातीला तो गच्चीपर्यंत एका चालीत जायचा. मग मधल्या वळणावर थांबायला लागला. थांबलो म्हणजे दम लागला हे कोणाला कळता कामा नये, म्हणून त्यानं नामी उपाय काढला. वळणावर जो कोणी सापडेल त्याला झापायचं. "इथं दोरी कोणं टाकली बे? कोणाचा पाय अडकला म्हंजे?" झापताना भिंतीला हात टेकलेला, छाती खालीवर. दोन मिनिटं झापून झालं की वर. पुढे प्रत्येक वळणावर झापायला लागला. माणसं इतकी सरावली की त्याचं पाऊल जिन्यात वाजलं की वळणं ओस पडायची. मग तो रिकाम्या वळणावर उभा राहून भिंतीला झापायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नाक गेलं ते मला कळलं दुधामुळे. दुपारचा चहा दुसऱ्या मजल्यावर व्हायचा, धोटेच्या खुर्चीपासून चार हातांवर शेगडी. त्या दिवशी दूध उतू गेलं, करपलं, पातेलं काळं झालं. मी खाली शेठजींकडे गेलेली होते, जिन्यातच वास आला म्हणून धावत वर आले. वरून गच्चीतून सुमन धावत खाली आली. आणि हा शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होता. आम्हा दोघींना पाहून त्यानं पेपर खाली केला. "काय झालं? काहून पळून राहिल्या?"

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी सुमनकडे. तिनं पदरानं पातेलं उचललं आणि घेऊन गेली. मला वाटलं, पेपरात गुंग होता असं तिला वाटलं असेल.

ही सुमन म्हणजे निवडणीवरच्या बायांची मुकादम. कामठीची, नवरा मागावर कामाला. रोज सकाळी शेअर ऑटोत दाटीवाटीनं बसून यायची आणि सगळ्यांच्या आधी गच्चीवर असायची. मिरचीचे देठ खुडून खुडून तिच्या बोटांची टोकं सोललेली. पंधरा वर्षं खाली बसून देठ खुडले तेव्हा कुठं मुकादमी मिळाली होती. आकाशात एक ढग दिसला तर तिची ताडपत्री आधी पसरायची, हवामानखात्याचं नंतर. तिला त्या मुकादमीचा फार अभिमान होता. कमरेला गच्चीची किल्ली खोचलेली असायची, आणि ती किल्ली ती विनाकारण चाचपायची.

दुधानंतर मी लक्ष ठेवायला लागले. डबा खाताना धोटे भाजीवर ठेच्याचे चार चमचे घ्यायचा आणि म्हणायचा, "आताच्या मिरचीले पयल्यासारखा दम नाही राहिला." मिरचीत दम चांगला होता. जीभच मेली होती त्याची. त्याची बायको एकदा भाजीत मीठ घालायला विसरली होती, तिनंच मला नंतर सांगितलं. यानं बोटं चाटून खाल्ली आणि भाजी झ्याक झाली म्हणाला. त्या दिवशी काकू बिचारी खूश झाली होती, दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं.

आणि मग तो त्या पितळी ताटात मिरची घेऊन माझ्याकडे यायला लागला. तेच सगळं नाटक आधी करायचा, देठ मोडणं, फाडणं, डोळे मिटून हुंगणं. मग प्लायवूडला वळसा घालून यायचा आणि ताट माझ्या नाकासमोर धरून म्हणायचा, "मशीन काय म्हणते वं?" पहिल्या वेळी मी खरंच मशीन लावायला निघाले. तो ताट हलवेचना. तसाच धरून उभा. मी वास घेतला. मिरचीला कुबट वास होता, आत बुरशी धरलेली. मी म्हटलं, "पुन्हा लावून बघावं लागेल." तो लगेच वळला आणि खाली ओरडला, "परत पाठवा रे, माल खराब आहे."

झालं. तेव्हापासून ही आमची भाषा. "ठीक म्हणते" म्हणजे घ्या. "पुन्हा लावते" म्हणजे परत. एका शब्दानं उघड बोलणं नाही. पुढची कित्येक वर्षं त्याचं नाक माझ्या चेहऱ्यावर होतं आणि नाव त्याचं.

मी हे का केलं? दया वगैरे नाही, खोटं कशाला बोलू. मला बरं वाटायचं. ज्या माणसानं सगळ्यांसमोर माझ्या मशीनला नाक आहे का म्हणून विचारलं होतं, तो ताट घेऊन माझ्याकडे येत होता. ती गुदगुल्या करणारी गोष्ट होती. मी त्याला तुच्छ मानायचे आणि त्याची वाटही बघायचे.

खोकला इतका वाढला की शेठजींनी त्याला छातीच्या डॉक्टरकडे पाठवलं, आणि विज्ञान शिकलेली म्हणून सोबत मला. डॉक्टरांनी त्याच्या तोंडात नळी दिली आणि जोरात फुंकायला सांगितलं. तीनदा फुंकलं. तिसऱ्यांदा तर चहा गार करायला फुंकतो तितकंही निघालं नाही. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात, हवेतलं चांगलं ते रक्तात तिथून जातं. धुरानं त्या फुग्यांच्या भिंती फुटतात, आणि फुटलेलं परत बांधता येत नाही. नळ्यांमध्ये कफ वर ढकलणारे बारीक केस असतात, ते जळून गेलेत, म्हणून सकाळी तासभर खोकून कफ काढावा लागतो. चालताना पोटऱ्या दुखतात, कारण पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, हृदयाच्याही होत असणार. वास आणि चव कमी होते तीही यानंच. आज सोडली तर जे उरलंय ते बऱ्यापैकी टिकेल, नाक थोडंफार परतही येईल.

नाक परत येईल म्हटल्यावर मी धोटेकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी. त्यानं मान डोलावली, डॉक्टरांना नमस्कार केला, बाहेर आला आणि पायरीवरच सिगरेट पेटवली.

"डॉक्टर पोरगं आहे," म्हणाला. "मिरचीची धसक लागली आहे मले. तीस वर्षं मिरचीत काढले. याले काय समजते?"

मिरचीची धूळ आम्ही सगळ्यांनीच खाल्ली. बायांनी सर्वांत जास्त खाल्ली, फडकं बांधून दिवसभर त्यातच बसायच्या. त्यांनाही खोकला यायचा, डोळ्यांना धारा लागायच्या, मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्यापैकी कोणाला जिन्यात भिंतीला झापावं लागत नव्हतं. आपल्या सिगरेटीचं पाप या माणसानं मिरचीच्या माथी मारलं. पुढे त्यानं जे केलं त्याची ती रंगीत तालीमच म्हणायची.

त्या वर्षी अवकाळी पाऊस झाला होता. मामेबहिणीच्या लग्नासाठी मी पंधरा दिवस सुटीवर गेले. माझ्या मागे लगेच मोठा माल आला. सुटी टाकताना मी त्याला प्लायवूडपलीकडून मुद्दाम सांगितलं होतं, "मी येईपर्यंत माल उतरवू नका." पण बाई आल्यावर बघतो म्हणणं म्हणजे आपलं नाक गेलं हे कबूल करणं. ते त्याला कसं जमणार? त्यानं पोती फोडली, देठ मोडले, डोळे मिटून हुंगलं, तीन पोत्यांनंतर नाक धुतलं, आणि सगळा माल अव्वल म्हणून घेतला.

तो माल दळला गेला, पुड्यांत भरला गेला, आणि दहा दिवसांत दुकानांतून परत यायला लागला. पुडी उघडली की ओल्या गोणपाटासारखा वास. शेठजी गच्चीवर आले. सगळ्यांना उभं केलं. धोटेला विचारलं, "धोटेजी, तुम्ही पाहिला होता ना माल?"

"मी पायला तवा कडक होता," धोटे म्हणाला. "वर भिजला असन. ताडपत्रीले पाहा."

बस, एवढंच. नाव घेतलं नाही त्यानं. घ्यायची गरजच नव्हती, ताडपत्री एकीचीच होती. सुमन म्हणाली, "माही ताडपत्री कोरडी होती शेठजी, तुम्ही कोणालेबी इचारा." पण नाकासमोर ताडपत्रीचं कोण ऐकतं? त्याच दिवशी तिच्या कमरेची किल्ली काढून घेतली. माल भिजवणारी म्हणून बाजारात नाव झालं, कुठल्याच गोदामात परत मुकादमी मिळाली नाही. दुसऱ्यांच्या हाताखाली पुन्हा देठ खुडायला बसली.

मी सुटीवरून आले तेव्हा हे होऊन गेलं होतं. आमच्याकडे एक पद्धत होती. माल उतरतानाच त्यातली ओंजळभर मिरची काचेच्या बाटलीत भरून, बूच लावून, वर धोटेच्या सहीची चिठ्ठी चिकटवून माझ्या फळीवर ठेवायची. म्हणजे पुढे तक्रार आली तर आला तेव्हा माल कसा होता ते कळावं. मी ती बाटली काढली. बूच उघडलं. तोच कुबट वास, सगळ्या कोपऱ्यात पसरला. ही मिरची गच्चीवर कधी गेलीच नव्हती.

मी बाटली घेऊन पलीकडे गेले. "धोटेजी, वास घ्या."

त्यानं बाटलीकडे पाहिलं, हुंगली मात्र नाही. "ठेव ती खाली," म्हणाला.

"सुमनला परत बोलवायला सांगा. नाहीतर मी सांगते शेठजींना."

"काय सांगशीन?" त्यानं एक झुरका घेतला. "चार वर्षं मशीन ठीक म्हणते, ठीक म्हणते, कोण म्हणे? शेठजी इचारन ना तुले, धोटेले वास नाही येत हे तुले कवापासून माहीत आहे." मग अगदी प्रेमानं म्हणाला, "तू बी यात आहे वं बाई."

त्यानं बाटली घेतली, मोरीत उपडी केली आणि वरून पाणी ओतलं. मी बघत उभी राहिले. मी गेले नाही शेठजींकडे. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत आठ वर्षं गेली, आणि तो कारखान्यात होता तोवर वासही मीच घेत राहिले. त्याला नावं ठेवताना हे मला वगळून चालणार नाही.

मधे कोरोना आला. सगळ्या गावाचं नाक गेलं आणि परतही आलं. धोटेला सोन्यासारखी सबब मिळाली. "कोरोनानं नाक नेलं माहं," असं तो येईल त्याला सांगायला लागला, डोळ्यांत पाणी आणून. तपासणी केली तेव्हा त्याला कोरोना झालाच नव्हता. त्याला निरोप देताना शेठजींनी मोठा सत्कार केला, शाल, नारळ, आणि त्या नाकावर पंधरा मिनिटं भाषण. भाषण चालू असताना सत्कारमूर्ती दोनदा बाहेर जाऊन आले. मीही पुढच्या वर्षी ती नोकरी सोडली.

गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. "मशीनवर आहेत वं. नाकाले नळी लावली आहे. घडीघडी सुमनचं नाव घेते. तिले घेऊन येशीन काय?"

मी कामठीला जाऊन सुमनला शोधलं. ती आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "सांगायचं असन त्याईले काही. चला." स्कूटरवर मागे बसून आली.

महालातल्या गल्लीत वरच्या मजल्यावर खोली. बारा पायऱ्यांचा जिना, जो त्यानं वर्षभरात उतरला नव्हता. खिडकीशी पलंग, पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन घुर्र करत चाललेलं, त्याची बारीक नळी दोन्ही नाकपुड्यांत. ज्या नाकाची शाल-नारळ देऊन पूजा झाली होती त्या नाकाला आता साधी हवासुद्धा मशीननं भरवावी लागत होती. मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. काकू चहा ठेवायला आत गेल्या. सुमन खाली फरशीवर बसली.

"सुमन," तो म्हणाला. थांबला, श्वास घेतला. "तुही ताडपत्री... बरोबर होती." पुन्हा श्वास. "माल ओलाच... आला होता." खूप वेळ नुसती छाती हलली. "मले वास... नाही आला."

सुमन शांतपणे म्हणाली, "माहीत आहे काकाजी. पयलं पोतं सोडलं तवाच आमाले वास आला होता. साऱ्याच बायांले आला होता. दूध जळलं तवापासून माहीत आहे आमाले."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"कोणाले बोलू मॅडम? नाक काकाजीचं. आमच्या नाकाले कोण इचारते?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अन् माहीत तं तुमाले बी होतं."

मी फरशी बघत बसले. फरशीला एक तडा गेलेला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

सुमननं पिशवीतून फोन काढला. "मले सांगून काय होते काकाजी? शेठजीले सांगा. चार शब्द सांगा फक्त, सुमननं माल नाही भिजवला. नंबर आहे माह्याजवळ." तिनं नंबर लावला आणि फोन त्याच्या तोंडाशी नेला. पलीकडे घंटी वाजत होती, आम्हाला ऐकू येत होती.

धोटेनं हातानं फोन सारला. "दम लागते वं... उद्या सांगतो. चार शब्द... नाही निघत."

सुमननं फोन बंद केला. पिशवीत टाकला. "बरं. उद्या," म्हणाली आणि उठली. चहाला थांबली नाही. मीही तिच्या मागून जिना उतरले. स्कूटरशी आल्यावर लक्षात आलं, माझं हेल्मेट वरच राहिलं.

मी परत वर गेले. दार उघडंच होतं. धोटेनं नाकातली नळी कपाळावर सरकवली होती. गादीखालून काढलेली सिगरेट ओठांत होती, आणि हात खिडकीच्या कट्ट्यावर काडेपेटी शोधत होता. मशीन शेजारी चालूच. मला पाहून तो दचकला नाही, लाजला तर नाहीच.

"नाक धुऊन राहिलो," म्हणाला.

मी पुढे होऊन कट्ट्यावरची काडेपेटी उचलली. आणि तिथंच, त्याच्या पलंगाशी उभी राहून, माझ्या फोनवरून शेठजींना फोन लावला. माल ओला आला होता. धोटेजींना कित्येक वर्षं वास येत नव्हता. त्यांच्यासाठी वास मी घेत होते. नमुन्याची बाटली मी स्वतः उघडून पाहिली होती. सुमनचा काही दोष नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता सांगून राहिल्या मॅडम?" मी म्हटलं, "हो, आता. आणि हे तुम्ही गच्चीवर सगळ्या बायांसमोर सांगा." ते "बघतो" म्हणाले.

फोन ठेवला. धोटे माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, शिव्या देईल.

"झालं सांगून?" तो म्हणाला. "आता माचिस दे."

मी काडेपेटी पर्समध्ये टाकली. त्याच्या कपाळावरची नळी खाली ओढून नाकाला लावली, जरा जोरातच लावली. काकूंना आतून बाहेर बोलावलं, हेल्मेट घेतलं आणि खाली आले.

"मी सांगितलं शेठजींना," सुमनला म्हटलं.

"तुमी?" तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. हात कमरेशी गेला, किल्ली असायची तिथं. "बरं केलं," म्हणाली. "लय उशीर केला, पण बरं केलं."

मी स्कूटर सुरू करणार तेवढ्यात वरून आवाज आला. आम्ही दोघींनी मान वर केली. धोटे खिडकीतून अर्धा बाहेर वाकला होता. नळी पुन्हा कपाळावर, ओठांत न पेटलेली सिगरेट, मागून काकू त्याचा सदरा ओढत होत्या. गल्लीतून एक सायकलवाला चालला होता, त्याला तो हाका मारत होता.

"ओ भाऊ, माचिस आहे?"

सायकलवाल्यानं वर पाहिलं आणि खिसे चाचपायला लागला.

"चार शब्द निघाले मॅडम," सुमन म्हणाली, आणि मागे बसली.